पाठीतला तो 'कडक्' आवाज कशाचा?

प्रश्न : मी नरडाण्याचा (ता. शिंदखेडा, जि. धुळे). वय ४६. महामार्गाच्या कडेला माझे टायर-पंक्चरचे दुकान आहे. ट्रकचे चाक काढता-बसवताना वर्षातून दोन-तीनदा तरी कंबर धरते. तरुणपणी पहिल्यांदा उसण भरली तेव्हा आजीने पायाळू माणसाचा पाय लावून घेतला होता. गेल्या पावसाळ्यात नातेवाइकांनी एका हाडवैद्याकडे नेले. त्यांनी कुशीवर वळवून एक झटका दिला, 'कडक्' असा आवाज झाला, 'मणका बसला' म्हणाले आणि मी खरोखर ताठ चालत घरी आलो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. एमआरआयच्या कागदावर 'गादी थोडी सरकली' असे आले आहे. आता मुलगा मोबाईलवर कायरोप्रॅक्टरांचे व्हिडिओ दाखवतो आणि मोठ्या शहरात जाऊ म्हणतो. तो आवाज नेमका कशाचा असतो? मणका खरेच सरकतो आणि बसतो का? आणि या लोकांच्या विद्येत शास्त्र किती?
— एक वाचक, नरडाणा

उत्तर : आधी आवाजाचे बघू, कारण पुढचा सगळा विश्वास त्या आवाजावर उभा असतो. दोन मणक्यांच्या मध्ये पुढच्या बाजूला गादी असते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मागच्या बाजूला उजवीकडे आणि डावीकडे एकेक छोटा सांधाही असतो. हे सांधे बोटांच्या पेरांतल्या सांध्यांच्याच जातीचे. हाडांची गुळगुळीत टोके, त्यांच्याभोवती घट्ट पिशवी आणि आत थोडेसे वंगण. त्या वंगणात वायू विरघळलेला असतो. झटक्याने हाडांची टोके एकमेकांपासून किंचित दूर होतात, आतला दाब एकदम उतरतो आणि सोड्याच्या बाटलीचे बूच उघडताच व्हावे तसा वायूचा बुडबुडा तयार होतो. 'कडक्' वाजते ते या उलथापालथीत.

बुडबुडा तयार होताना आवाज येतो की तो फुटताना, यावर शास्त्रज्ञांचा वाद फार जुना आहे. १९४७ मध्ये लंडनमध्ये रोस्टन आणि हेन्स यांनी बोटे ओढून क्ष-किरण चित्रे काढली आणि आवाजाचा संबंध पोकळी तयार होण्याशी जोडला. १९७१ मध्ये इंग्लंडमधल्याच लीड्सच्या संशोधकांनी उलट सांगितले, की बुडबुडा कोसळतो म्हणून आवाज येतो. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचे ग्रेगरी कॉचुक यांनी हे प्रत्यक्ष बघायचे ठरवले. सगळी बोटे हुकमी वाजवू शकणाऱ्या एका सहकाऱ्याचा हात त्यांनी एमआरआय यंत्रात ठेवला, एकेक बोट हळूहळू ओढले आणि आतल्या हालचालीचे चित्रण केले. ३१० मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात, सांध्यात काळी पोकळी उघडली, आणि आवाज झाल्यावरही ती तशीच दिसत राहिली. पुढे २०१८ मध्ये विनीत चंद्रन सुजा आणि अब्दुल बरकत यांनी गणित मांडून दाखवले, की बुडबुडा अर्धवट कोसळला तरी तेवढा आवाज होऊ शकतो. वाद अजून मिटलेला नाही. मात्र दोन्ही बाजूंच्या मते आवाज बुडबुड्याचाच आहे. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज आहे, असे यांतले कोणीही म्हणत नाही. एकदा वाजलेला सांधा साधारण वीस मिनिटे पुन्हा वाजत नाही, त्याचे कारणही हेच. वायू वंगणात परत विरघळायला तेवढा वेळ लागतो.

हे कॉचुक स्वतः कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मणक्यांना झटके देऊन उपचार करणाऱ्यांपैकी आहेत, हे मी मुद्दाम सांगतो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यात आहे. आपल्याच धंद्यातली सर्वांत गाजलेली समजूत यंत्राखाली ठेवून तपासणारी माणसे त्या धंद्यात निघाली. मुलगा दाखवतो त्या व्हिडिओंपेक्षा या माणसांचे काम तुम्हाला जास्त उपयोगी पडेल.

आता मणका सरकण्याचे. मणके जाड अस्थिबंधांनी आणि स्नायूंनी एकमेकांना इतके आवळलेले असतात, की टायर उचलताना ते जागा सोडत नाहीत. मणका खरोखर निखळतो तो उंचावरून पडल्यावर किंवा गाडीच्या मोठ्या अपघातात. तसा माणूस चालत कोणाकडे जाऊ शकत नाही आणि त्याला झटका देणे जिवावर बेतू शकते. २००४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी अनुभवी कायरोप्रॅक्टरांना ठराविक मणक्यावर झटका द्यायला सांगितले आणि आवाज कुठून येतो ते यंत्राने टिपले. कमरेत तो ठरलेल्या जागेपासून सरासरी ५ सेंटीमीटर दूरच्या सांध्यातून येत होता, म्हणजे निदान एक मणका सोडून. तरीही रुग्णांना बरे वाटते. मग बरे वाटण्याचे कारण 'तोच मणका बसवला' हे असू शकत नाही.

'मणका सरकला' ही कल्पना तशी जुनी. हाडवैद्यांच्या आणि तालमीतल्या वस्तादांच्या बोलण्यात ती आपल्याकडे आहेच. अमेरिकेत तिचे शास्त्र केले डॅनियल डेव्हिड पामर यांनी. १८ सप्टेंबर १८९५ रोजी आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी त्यांनी हार्वे लिलार्ड नावाच्या कमी ऐकू येणाऱ्या सफाई कामगाराच्या पाठीवरचा एक उंचवटा दाबला. लिलार्डला ऐकू येऊ लागले, असा त्यांचा दावा होता. ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीच्या कण्यातून नाही, त्यामुळे आजचे शरीरशास्त्र हा दावा मानत नाही. पण पामर तिथे थांबले नाहीत. ९५ टक्के रोग सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, असे त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात लिहिले. लिलार्डच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा जिवंत माणसाची हाडे बघण्याचे साधनच जगात नव्हते. राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला तो त्याच वर्षीच्या ८ नोव्हेंबरला.

कायरोप्रॅक्टिकच्या या जन्मकथेमुळे डॉक्टर मंडळी कायरोप्रॅक्टरांकडे कित्येक दशके संशयाने बघत राहिली. तरी विद्या वाढली. अमेरिकेत तिला सगळ्या राज्यांत परवाने मिळाले, सर्वांत शेवटी लुइझियानात, १९७४ मध्ये. डेन्मार्कमध्ये तर ती थेट विद्यापीठात गेली. ओडेन्सच्या दक्षिण डेन्मार्क विद्यापीठात कायरोप्रॅक्टिकचे विद्यार्थी सुरुवातीची वर्षे वैद्यकीय विद्यार्थ्यांबरोबर त्याच वर्गांत शिकतात. अशा वातावरणात शिकलेल्यांनी आतून प्रश्न विचारायला सुरुवात केली. ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणाऱ्या कौन्सिलनेच २०१० मध्ये जाहीर केले, की सरकलेल्या मणक्याने रोग होतात या सिद्धान्ताला पुरावा नाही.

ओडेन्सचे यान हार्ट्विग्सेन हे या पिढीतले मोठे नाव. कायरोप्रॅक्टर म्हणून शिकलेल्या या संशोधकाने झटक्यांपेक्षा दुखण्याचाच अभ्यास अधिक केला. डेन्मार्कमध्ये जुळ्या भावंडांची राष्ट्रीय नोंद ठेवतात. तिच्या आधारे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १५,३२८ जुळ्यांच्या पाठदुखीचा हिशेब मांडला. कंबरदुखीच्या बाबतीत माणसा-माणसांत जो फरक दिसतो, त्यातला एक तृतीयांशाहून जास्त वाटा अनुवंशाकडे जातो, असे त्यातून निघाले. तुमच्या वडिलांची कंबर धरत असेल, तर तुमचीही धरण्यात नुसत्या टायरांचा दोष नाही.

२०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने कंबरदुखीवर लेखमाला काढली. तिच्या पहिल्या लेखाचे प्रमुख लेखक हार्ट्विग्सेन होते. त्या लेखाचे सार तुमच्या एमआरआयच्या कागदाशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहे. बहुतेकांच्या कंबरदुखीत नेमका कोणता भाग दुखतो आहे हे खात्रीने सांगता येत नाही. मोडलेले हाड, जंतुसंसर्ग, गाठ अशी गंभीर कारणे थोड्यांतच सापडतात. आणि कष्टाचे काम, अपुरी झोप, काळजी, पैशांची ओढाताण यांचा दुखणे लांबण्याशी जवळचा संबंध आहे.

'गादी सरकली' हे वाचून तुमच्या घरात काय झाले असेल याची मला कल्पना येते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, पाठ अजिबात दुखत नसलेल्या ३,११० माणसांची चित्रे एकत्र तपासली गेली. चाळीस वर्षांच्या निरोगी माणसांत ६८ टक्क्यांच्या गादीत झीज दिसत होती, पन्नाशीच्या माणसांत ८० टक्क्यांच्या. गादी फुगून थोडी बाहेर आलेली चाळिशीत निम्म्यांना होती, पन्नाशीत ६० टक्क्यांना. यांतले कोणीही कण्हत नव्हते. तुम्ही ४६ वर्षांचे आहात, त्यामुळे कागदावरची ती ओळ वयाने पांढऱ्या झालेल्या केसांइतकीच स्वाभाविक असू शकते. गादी खरोखर फाटून तिचा तुकडा नसेला टेकला, पायात कळ उतरली, तरी असे बाहेर आलेले तुकडे शरीर बऱ्याचदा काही महिन्यांत स्वतःच शोषून घेते. जो अहवाल माणसाला भिववून खाटेला खिळवतो, तो अहवाल लिहिणाऱ्याने 'या वयात हे नेहमी दिसते' एवढे एक वाक्य त्याखाली लिहिलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मग झटक्यानंतर तुम्ही ताठ चालत घरी कसे आलात? तो आराम खरा होता, त्यावर शंका घेऊ नका. एक तर, माणूस वैद्याकडे जातो तो दुखणे शिगेला पोचल्यावर. नव्याने धरलेली कंबर बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांत आपोआप बरीच मोकळी होते. पायाळू माणसाचा पाय लागून उसण गेली, यातही हाच भाग मोठा असणार. आजीने मायेने केले, दुखणे उतरणीला लागलेच होते. दुसरे कारण शरीरातले. झटका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी वेळात संपतो, स्नायूंना आवळून धरायलाही सवड मिळत नाही, आणि काही जणांत त्यानंतर कमरेचा ताठरपणा लगेच कमी होतो. कॉचुक आणि हाँगकाँगचे अर्नॉल्ड वाँग यांनी हा ताठरपणा यंत्राने मोजला. ज्यांना उपचारानंतर बरे वाटले त्यांच्यातच तो उतरला आणि पाठीतला एक खोलवरचा स्नायू अधिक चांगले काम करू लागला. ज्यांना बरे वाटले नाही, त्यांच्यात हे दिसले नाही. कोणाला गुण येईल हे आधीच ओळखता आले तर फार मोठे काम होईल, आणि या संशोधनाचा रोख तिकडेच आहे. आवाज झाला की नाही, याने मात्र फरक पडत नाही. अमेरिकेत फिजिओथेरपिस्टांनी हे तपासले, तेव्हा 'कडक्' वाजलेल्या आणि न वाजलेल्या रुग्णांचे दुखणे सारखेच कमी झाले होते.

गुण किती येतो, हेही मोजले गेले आहे. अ‍ॅमस्टरडॅमचे सिडनी रुबिनस्टाइन, तेही कायरोप्रॅक्टर, यांनी २०१९ मध्ये जुनाट कंबरदुखीवरच्या झटक्याच्या उपचाराच्या ४७ चाचण्या एकत्र केल्या. त्यांत ९,२११ रुग्ण होते. निष्कर्ष असा, की या उपचाराचा परिणाम व्यायामासारख्या इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकाच आहे, त्यांहून मोठा नाही. आपल्या पेशाबद्दल एवढे सरळ लिहायला मोठा प्रामाणिकपणा लागतो, आणि मला त्याबद्दल मनापासून आदर वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली. तज्ज्ञ हातांनी दिलेला झटका आणि मालीश यांना त्यात जागा आहे, पण रुग्णाला नीट समजावून सांगणे आणि व्यायाम यांच्या सोबतीने. कमरेचा पट्टा आणि वजन लावून कंबर ताणणे या दोन्ही गोष्टी नेहमीच्या उपचारात करू नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे कंबर धरली की पहिली खरेदी पट्ट्याची होते. ते पैसे वाचवा.

हे सगळे परदेशातले झाले. आपल्या मातीतही हे काम झाले आहे आणि त्याची माहिती आपल्या गावांपर्यंत यायला हवी. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे भिगवण उजनीच्या पाणथळीवर येणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे ओळखले जाते. सांधेदुखीच्या जागतिक अभ्यासात त्याचे नाव वेगळ्याच कारणाने आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये तिथे घरोघर जाऊन दुखण्यांची मोजणी सुरू केली. ४,०९२ प्रौढांची तपासणी झाली आणि त्यांतल्या ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्क्यांना, सांधे-स्नायू-हाडांचे काही ना काही दुखणे निघाले. गुडघा आणि कंबर सर्वांत पुढे होते. ज्याला आपण संधिवात म्हणून घाबरतो तो आमवात त्यात थोड्यांनाच होता. मोठा भाग होता झिजेचा, स्नायूंच्या दुखण्यांचा आणि ज्यांना धड नावही देता येत नाही अशा अंगदुखीचा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हाच प्रश्न पुढे नेला. त्यांच्या संशोधकांनी मुंबईचे मणका-शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज यांच्यासोबत खेड्यांतल्या पाठदुखीची पाहणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने सांगितले, की पाठदुखी आणि अंगदुखी हा ग्रामीण भागातला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. ज्यांना शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नव्हते, त्यांच्यासाठी संस्थेच्या शोधग्राम इथल्या दवाखान्यात मुंबईच्या शल्यचिकित्सकांनी शिबिरेही घेतली. खेड्यातली माणसे काटक, त्यांना कसली पाठदुखी, ही शहरी समजूत अशा पाहण्यांनी पुसून टाकली आहे.

खानदेशात अशी घरोघर मोजणी व्हावी, असे मला फार वाटते. शिंदखेडा-शिरपूरच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईचा दिवस डोळ्यांपुढे आणा. कमरेला ओटी बांधलेली, मजुरी किलोवर, म्हणजे जितके वाकाल तितके पैसे. त्याआधी निंदणी, तीही वाकून. फवारणीच्या दिवसांत गड्याच्या पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा भरलेला पंप. पलीकडे रावेर-यावलला केळीचे घड वाहणारे मजूर, आणि महामार्गावर रात्रंदिवस धक्के खाणारे ट्रकचालक, जे तुमच्या दुकानाशी थांबतात. संध्याकाळी 'कंबर दुखस' म्हणून ही माणसे निजतात आणि सकाळी पुन्हा कामाला लागतात. दुखण्याची नोंद कुठेच होत नाही, म्हणून त्यावर कोणी खर्चही करत नाही. जगात २०२० मध्ये कंबरदुखीची ६१ कोटी ९० लाख माणसे होती, असा अंदाज आहे. या आकड्यात आपल्या शेतातल्या बायका कुठे बसतात, हे आपल्याच विद्यापीठांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी शोधायला हवे. कायरोप्रॅक्टर आणि मेंदूविकारतज्ज्ञ अशा दोन्ही पदव्या असलेल्या स्कॉट हाल्डमन यांनी २००८ मध्ये गरीब वस्त्यांतल्या पाठदुखीसाठी 'वर्ल्ड स्पाइन केअर' ही संस्था काढली. तिचाही आग्रह हाच, की महागड्या यंत्रांविना गावातच करता येईल अशी तपासणी आणि उपचार आधी उभे करावेत.

आता तुमच्या कमरेचे. पुन्हा धरली तर आडवे पडून राहू नका. हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर केलेला एक प्रयोग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्याने कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस सक्त विश्रांती, काहींना पाठीचे व्यायाम आणि काहींना 'जमेल तसे रोजचे काम चालू ठेवा' एवढाच सल्ला दिला. तिसरा गट सर्वांत लवकर बरा झाला. पहिले दोन-तीन दिवस जड चाकांना हात लावू नका, पण दुकानात फिरते राहा.

दुखणे ओसरले की खरे काम सुरू होते, आणि ते चालण्याचे आहे. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाने कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर प्रयोग करून २०२४ मध्ये निष्कर्ष दिले. ज्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालण्यापर्यंत नेले आणि फिजिओथेरपिस्टने दुखण्याबद्दल नीट समजावले, त्यांची कंबर काम अडेल इतकी पुन्हा धरायला साधारण २०८ दिवस लागले. ज्यांना काहीच दिले नाही, त्यांची ११२ दिवसांत धरली. तुमची पंधरा दिवसांत धरली होती, हे लक्षात घ्या. पहाटे स्टेशनच्या रस्त्याने चालून या, पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरेत. ट्रकचा टायर रिमसकट मोठ्या माणसाच्या वजनाहून जड भरतो. तो एकट्याने उचलायचाच नाही, उभा करून गडगडत न्यायचा आणि चढवताना दुसरा माणूस घ्यायचा. मात्र 'वाकायचेच नाही' अशी भीती बाळगू नका. उचलण्याची पद्धत शिकवण्याने पाठदुखी टळते, असे चाचण्यांत दिसलेले नाही. नियमित व्यायामाने ती कमी होते, असे दिसले आहे.

काही लक्षणे असतील तर मात्र झटका नको, चालणेही नको, त्याच दिवशी धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठायचे. लघवी अडली किंवा न कळत होऊ लागली, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासे झाले, तर तासांचा हिशेब असतो. अंगात बारीक ताप, वजन घटणे आणि रात्री न थांबणारी कळ एकत्र आली, तर आपल्याकडे मणक्याच्या क्षयाचा विचार आधी करावा लागतो. क्षयाने पोखरलेल्या मणक्यावर झटका दिला, तर दोन्ही पाय जाऊ शकतात. पडलेल्या म्हाताऱ्या बाईच्या पाठीलाही कोणी हात लावू नये, तिचे ठिसूळ हाड आधीच दबलेले असू शकते. आणि मान. मानेला जोराने वळवून दिलेल्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. विरळ आहेत, पण मानदुखीवर इतर उपाय असताना तो धोका कशाला घ्यायचा? व्हिडिओ बघून मुलाने तुमची मान वळवू नये, एवढे त्याला आजच सांगा.

शहरात जायचेच असेल तर समोरच्या माणसाचे शिक्षण विचारा. भारतात कायरोप्रॅक्टरांसाठी डॉक्टरांसारखी वेगळी कायदेशीर नोंदणी नाही, त्यामुळे चार-पाच वर्षे शिकून आलेला आणि पंधरवड्याचा वर्ग केलेला, दोघेही दारावर तीच पाटी लावू शकतात. फिजिओथेरपिस्टांची राज्य परिषद आहे, त्यांचा नोंदणी क्रमांक मागता येतो. हाताने करायचे हे उपचार अनेक फिजिओथेरपिस्टही शिकलेले असतात. त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही, धुळ्यात चौकशी करा. जो पहिल्याच भेटीत वीस बैठकांचे पैसे आधी मागेल आणि दर आठवड्याला मणका बसवून घ्यावा लागेल म्हणेल, त्याच्याकडून उठून या.

प्रश्न : मी नववीत आहे. मला बोटे मोडायची सवय आहे. आजी दृष्ट काढताना स्वतः कानशिलावर कडाकडा बोटे मोडते आणि मला मात्र रागावते, म्हणते सांधे धरतील. खरे आहे का?
— एक विद्यार्थिनी, नरडाणा

उत्तर : वरच्या उत्तरातला बुडबुडाच तुझ्या बोटांतही आहे. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांना लहानपणी घरच्या मोठ्यांनी हेच सांगितले होते. त्यांनी पन्नास वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे रोज निदान दोनदा मोडली, उजव्याची नाही, आणि १९९८ मध्ये एका वैद्यकीय मासिकाला पत्र लिहून कळवले, की दोन्ही हातांत संधिवात नाही. एका माणसावरून नियम ठरत नाही. पण २०११ मध्ये २१५ जणांच्या हातांची क्ष-किरण चित्रे तपासली गेली, तेव्हा बोटे मोडणाऱ्यांत १८.१ टक्के आणि न मोडणाऱ्यांत २१.५ टक्के लोकांच्या सांध्यांत झीज दिसली. म्हणजे फरक नाही. १९९० च्या एका जुन्या पाहणीत बोटे मोडणाऱ्यांचे हात थोडे सुजलेले आणि पकड थोडी कमी आढळली होती, पण नंतरच्या अभ्यासांत तसे पक्के दिसले नाही. दुखत नसेल तर काळजी करू नकोस. वाजताना एखादे बोट दुखले, सुजले किंवा अडकू लागले, तर त्याला हात न लावता डॉक्टरांना दाखव. मैत्रिणीची मान मात्र कधी गंमत म्हणूनही वाजवायची नाही.